मेंदू आणि दारू: या संशोधनात येणाऱ्यांसाठी

"व्यसनाच्या मेंदूविज्ञानात पीएचडी करायचीय, कुठलं तंत्र शिकू?" असं विचारणारे बहुतेक जण पॅच क्लॅम्प किंवा कॅल्शियम इमेजिंग अशा, मेंदूच्या पेशींची क्रिया मोजणाऱ्या तंत्रांचं नाव मनात धरूनच येतात. मी प्रत्येकाला सांगतो, आधी वर्तनाची चाचणी नीट लावायला शिका.

पेटीतला लिव्हर, म्हणजे दांडा, दाबला की खाण्याची गोळी मिळते, हे उंदराला शिकवणं सोपं असतं. पण तो गोळी हवी म्हणून दाबतोय की सवयीने, हे बघून कळत नाही. पंजा दोन्ही वेळी सारखाच पडतो. 1981 साली अ‍ॅडम्स आणि डिकिन्सन या मानसशास्त्रज्ञांनी गोळीशी मळमळीचा अनुभव जोडून ती नकोशी केली आणि हा फरक पकडला. आता बऱ्याच प्रयोगशाळा गोळ्या आधी पोटभर खाऊ घालतात आणि मग उंदराला पेटीत सोडतात. चाचणीत लिव्हर दाबूनही काही द्यायचं नाही, नाहीतर तो नव्याने शिकेल. गोळीसाठी दाबणारा आता कमी दाबतो, सवयीचा दाबतच राहतो. वेगळं खाणं पोटभर देऊनही हीच चाचणी घ्यायची. ही तुलना नसेल तर पोट भरल्याची सुस्ती आणि हेतू यांची गल्लत होते. नवखे नेमके इथेच घाई करतात.

मग न्यूरॉन, म्हणजे मेंदूच्या पेशी. हेतूने वागायला मेंदूत खोलवर असलेल्या स्ट्रायटमचा आतल्या बाजूचा वरचा भाग लागतो, सवयीला बाहेरच्या बाजूचा. डोळ्यांच्या वरच्या भागातलं ऑर्बिटोफ्रंटल कॉर्टेक्स आतल्या भागाला संदेश पाठवतं. कॅलिफोर्नियातल्या ग्रेमेल यांच्या गटाने 2018 मध्ये दाखवलं की दीर्घकाळ दारूची वाफ दिलेल्या उंदरांत हाच दुवा दुबळा होतो आणि ते सवयीने वागू लागतात. कॉर्टेक्समधल्या त्या पेशींची क्रिया वाढवल्यावर हेतू परतला. मला यातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हे, की त्यांचा लिव्हर दारूसाठी नव्हताच, खाण्यासाठी होता. म्हणजे दारूने बिघडवलेलं फक्त पिण्यापुरतं राहत नाही. व्यसनी माणसाला "मनावर घे, सुटेल" म्हणणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

बाकी व्यावहारिक गोष्टी थोड्या. एथिक्स कमिटीच्या मंजुरीला वेळ लागतो, अर्ज लवकर करा. उंदीर रोज हाताळा. घाबरलेल्या प्राण्याचा डेटा निरुपयोगी असतो. आणि प्रयोगशाळा निवडताना गाइडला विचारा, वर्तनाच्या पेट्यांपाशी नव्या विद्यार्थ्याच्या शेजारी बसून शिकवणारं कोणी आहे का.