ग्रंथपाल दिनाच्या सत्काराची तयारी

12 ऑगस्टला, भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. एस. आर. रंगनाथन यांच्या जयंतीला, सहकाऱ्यांना शिकवून पुढे आणणाऱ्या ग्रंथपालांचा सत्कार करायचा असेल, तर जुलै लागताच कामाला लागा. वाचकसंख्या, ग्रंथसंख्या, वाचनालयाचा वर्ग ('अ' ते 'ड' ही शासनाची श्रेणी) हे सगळं वार्षिक अहवालात सापडतं. निर्गम सहायकाला, म्हणजे पुस्तकं देण्याघेण्याचं काम करणाऱ्याला, दशांश वर्गीकरण (विषयवार आकडे देऊन पुस्तकं लावायची पद्धत) कुणी समजावलं, याची नोंद मात्र कुठल्याच रजिस्टरात नसते.

त्यामुळे पहिला फोन ग्रंथपालांना नको, त्यांच्याकडे शिकलेल्यांना करा. नेमकं विचारा. ग्रंथालय प्रमाणपत्राचा वर्ग चालू असताना काउंटर कुणी सांभाळला? कोहा या ग्रंथालयाच्या संगणक प्रणालीवर पुस्तकं चढवताना पहिले काही दिवस शेजारी कोण बसलं? तपासणी तोंडावर आली तेव्हा पलीकडच्या गावच्या 'ड' वर्गाच्या वाचनालयात जाऊन दाखल रजिस्टर (आलेल्या प्रत्येक पुस्तकाच्या नोंदीची वही) आणि कपाटातली पुस्तकं कुणी जुळवून दिली? 'फार सहकार्य करतात' एवढंच लिहून आलं तर कागद परत पाठवा. प्रसंग हवा, साल हवं, आणि शिकणारा आज कुठे आहे तेही हवं. शिपाई म्हणून लागलेला कुणी आज ग्रंथपालाच्या खुर्चीत असेल, तर त्याचं एक पानी पत्र बाकी सगळ्या प्रमाणपत्रांना भारी. कार्यशाळेला नुसती हजेरी लावल्याची प्रमाणपत्रं फाइलच्या शेवटी लावा, किंवा लावूच नका.

या कागदांची एक प्रत जपून ठेवा. शासनाच्या डॉ. एस. आर. रंगनाथन उत्कृष्ट ग्रंथमित्र पुरस्कारात कार्यकर्त्यांबरोबर सेवकांचाही, म्हणजे ग्रंथालयातल्या कर्मचाऱ्यांचाही, विचार होतो; प्रस्ताव करायची वेळ आली की धावपळ वाचेल.

शाल, श्रीफळ, हार नेहमीचंच. त्याशिवाय त्यांच्या हाताखालच्या एकाची अभ्यासक्रमाची फी समितीने भरावी. त्यांना याहून आवडेल अशी भेट मला तरी सुचत नाही. वेळ देवघेव बंद झाल्यानंतरची ठेवा, नाहीतर शेजारच्या वाचनालयांतली माणसं काउंटर सोडून येणार कशी?

पाहुणे एकच बोलवा, आणि त्यांच्याआधी शिकलेल्यांपैकी कुणाला तरी पाच मिनिटं बोलू द्या. आमच्या पहिल्या सत्कारात पाहुणेच तासभर बोलले आणि ज्यांना खरं सांगायचं होतं ते मागे खुर्च्या लावत होते. यंदा कर्मचारी पहिल्या रांगेत बसतील. चहाचे ट्रे समितीच्या सभासदांनी फिरवायचे. कुणी कुठली रांग घ्यायची तेही आदल्या दिवशीच ठरवून टाका.