कुसात्सूला जाताय? खोलीचे फोटो नंतर बघा

जपानच्या गुन्मा प्रांतातलं कुसात्सू हे गरम झऱ्यांचं गाव सुमारे १२०० मीटर उंचीवर आहे. हॉटेलं इतकी, की फोटो बघून निवडायला बसलात तर डोकं गरगरतं. पाणी, अंतर आणि जेवण, एवढंच आधी बघा.

हॉटेलात कुठल्या झऱ्याचं पाणी येतं ते विचारा. मधल्या चौकातल्या युबाताके झऱ्याचं पाणी चांगलंच आम्लधर्मी, पीएच २ च्या आसपास (पीएच जितका कमी, तितकं आम्ल जास्त). बांदाइको झऱ्याचं त्याहून जहाल, पीएच दीडच्या जवळ. त्वचा नाजूक असेल किंवा लहान मुलं सोबत असतील तर बांदाइको नको. पाण्यात उतरण्याआधी जोडवी, पैंजण, चांदीची साखळी सगळं उतरवून ठेवा. गंधकामुळे चांदी काळी पडते.

युबाताकेपासून चालत दहा मिनिटांच्या आतलं हॉटेल घ्या. स्कीच्या उताराकडची हॉटेलं स्वस्त दिसतात, पण तिथून चौकात यायचं म्हणजे चढउतार, हिवाळ्यात त्यात बर्फ. दर बहुतेक वेळा माणशी असतो, खोलीमागे नाही. इथेच आपला हिशेब चुकतो. शनिवारी दर आणखी चढतो.

शाकाहारी असाल तर जेवणाशिवायचं बुकिंग करा; त्याला 'सुदोमारी' म्हणतात. नुसत्या मिसो सूपमध्येसुद्धा बहुधा माशाचा अर्क असतो, आणि आयत्या वेळी सांगून स्वयंपाकघर बदलत नाही. खाण्याची दुकानं लवकर बंद होतात, तेव्हा थेपले किंवा तयार पाकिटं जवळ असू द्या.

स्नान विवस्त्र होऊनच करायचं असतं, पुरुष-बायका वेगळे. संकोच वाटत असेल तर 'काशिकिरी', म्हणजे ठरावीक वेळेपुरतं फक्त तुमच्यासाठी राखलेलं कुंड, असलेलं हॉटेल शोधा. आधी साबणाने अंग स्वच्छ धुवा, छोटा टॉवेल पाण्यात बुडवू नका. शिराहाता-नो-यू या फुकट सार्वजनिक स्नानगृहात मात्र शॉवर नाही आणि पाणी भलतंच कढत. बादलीने पायांपासून वरपर्यंत बरंच पाणी घेऊन मगच उतरा. पहिल्या खेपेला तीन मिनिटं पुरे. डोळ्यांत पाणी गेलं तर झोंबतं, लगेच साध्या पाण्याने धुवा. रक्तदाबाचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर निघण्याआधीच डॉक्टरांना विचारा.

टोकियोच्या उएनोहून एक्सप्रेस गाडीने नागानोहारा-कुसात्सुगुची स्टेशन, पुढे बसने अर्ध्या तासाच्या आत गाव. शिंजुकूहून थेट बसही आहे. तिला चार तास धरा.