टॅलाला राहायचं ठरवलंत तर

डब्लिनला मास्टर्ससाठी येणाऱ्या आपल्या मुलांना हमखास एक सल्ला मिळतो: आपली माणसं ब्लँचर्ड्सटाउन या उपनगराकडे आहेत, तिकडेच खोली बघा. आयर्लंडचे माजी पंतप्रधान लिओ वराडकर यांचा मतदारसंघही त्याच बाजूचा होता, त्यामुळे ते नाव कानावरून गेलेलं असतं. पण तुमचा कोर्स टीयू डब्लिनच्या (टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटी डब्लिनच्या) टॅला कॅम्पसला असेल, तर रोज शहराला वळसा घालू नका. टॅलातच राहा, असं मी आग्रहाने सांगेन.

शहराच्या नैऋत्येला, डोंगरांच्या पायथ्याशी पसरलेल्या या उपनगराची लोकसंख्या 2022 च्या जनगणनेत 81 हजारांवर गेली. साठच्या दशकापर्यंत हे एक खेडं होतं. 1967 च्या आराखड्यात डब्लिनच्या पश्चिमेला नवी नगरं वसवायचं ठरलं आणि इथे वसाहतींमागून वसाहती उठल्या. घरं आधी आली, बाकीचं सगळं मागाहून. स्क्वेअर मॉल 1990 मध्ये, कॉलेज 1992 मध्ये, हॉस्पिटल 1998 मध्ये आणि लुआस ट्राम तर थेट 2004 मध्ये. मधल्या काळात एक अख्खी पिढी गैरसोयीत वाढली. इथले जुने रहिवासी आपल्या गावाबद्दल एवढ्या अभिमानाने का बोलतात, ते यावरून कळतं. जे मिळालं ते त्यांना मागून, भांडून मिळालंय.

खोली मिळवणं हे सगळ्यात अवघड काम. डाफ्ट या घरभाड्याच्या वेबसाइटवर जाहिराती असतात, पण एकेका खोलीवर उड्या पडतात. म्हणून ‘डिग्ज’चाही विचार करा. डिग्ज म्हणजे आयरिश कुटुंबाच्या घरातली एक खोली. स्वयंपाकाच्या वेळा, फोडणीचा वास, शनिवार-रविवारी राहता येईल की नाही, हे आधीच स्पष्ट विचारून घ्या. आणि खोली डोळ्यांनी पाहिल्याशिवाय, भारतातून कुणालाही डिपॉझिट पाठवू नका. मालक कितीही गोड बोलला तरी नाही.

पत्त्याचं एक वेगळंच प्रकरण आहे. बॉनली अव्हेन्यू, बॉनली क्लोज, बॉनली क्रेसेंट, बॉनली ड्राइव्ह, बॉनली ग्रीन: नाव तेच, शेपूट वेगळं, घरंही एकसारखी. अंधारात, पावसात तुम्ही पाच नंबरचं दार वाजवता आणि ते भलत्याच गल्लीतलं पाच नंबर निघतं. त्यावर उपाय एअरकोड. आपला पिनकोड अख्ख्या भागाचा असतो, एअरकोड मात्र प्रत्येक घराचा वेगळा. टॅलाचे एअरकोड डी24 ने सुरू होतात. घर बघायला जाण्यापूर्वी तो मागून घ्या.

विद्यार्थ्यांचं लीप कार्ड आल्या आल्या काढा. एक युरोत 90 मिनिटं ट्राम आणि बस बदलता येतात. परतताना ट्रामवरची पाटी वाचा, कारण बेलगार्डला फाटा फुटतो आणि काही गाड्या सॅगार्टला जातात.

स्टॅम्प 2 वर, म्हणजे विद्यार्थी म्हणून मिळणाऱ्या परवान्यावर, आठवड्याला 20 तास काम करता येतं, सुट्टीच्या ठरलेल्या काळात 40. पार्टटाइम काम स्क्वेअरमध्ये, आसपासच्या हॉटेलांत शोधता येतं. पण नजर पुढच्या नोकरीवर असू द्या. मास्टर्सनंतर स्टॅम्प 1जी या परवान्यावर नोकरी शोधायला दोन वर्षांपर्यंत मुदत मिळते, ती भराभर संपते. सिटीवेस्टचा बिझनेस कॅम्पस आणि क्लोंडाल्किनजवळचा ग्रेंज कॅसलचा फार्मा पट्टा इथून जवळ आहे. पहिल्या सेमिस्टरपासूनच त्या कंपन्यांची माहिती काढत राहा.

इंजिनिअरिंगच्या मुलांनी तर आपण बसतो त्या इमारतीकडेच नीट बघावं. जवळच्या अ‍ॅमेझॉनच्या डेटा सेंटरमध्ये सर्व्हर थंड करताना जी ऊब बाहेर पडते, ती हीट पंपाने वाढवून गरम पाण्याच्या रूपात पाइपांतून कॅम्पसला आणि काउंटी कौन्सिलच्या इमारतींना दिली जाते. 2023 पासून ही योजना चालू आहे. प्रोजेक्टसाठी विषय धुंडाळणाऱ्यांना याहून जवळचा विषय कुठे मिळणार?

काउंटी लायब्ररी फुकट आहे, उशिराचा दंडही 2019 पासून नाही. घरात चौघं राहत असाल, तर अभ्यासाला तीच जागा.

सुरक्षिततेबद्दलही सरळ बोलायला हवं. 2025 च्या जुलैमध्ये टॅलात एका भारतीय माणसावर अमानुष हल्ला झाला. त्यानंतर वर्णद्वेषाविरुद्ध मोर्चा निघाला आणि त्यात इथलीच माणसं रस्त्यावर उतरली. दोन्ही गोष्टी घरी सांगा. रात्री ट्राममध्ये ड्रायव्हरच्या जवळ बसा, टवाळ पोरांच्या घोळक्याला उत्तर देत थांबू नका, आणि काही घडलंच तर 999 किंवा 112 ला फोन करून गार्डाकडे, म्हणजे इथल्या पोलिसांकडे, तक्रार नोंदवा. गप्प बसू नका.

आणि शॅमरॉक रोव्हर्स या इथल्या फुटबॉल क्लबची मॅच बघायला जाच. 1987 मध्ये या क्लबचं मैदान गेलं, नंतर 2009 मध्ये टॅलात हक्काचं घर मिळेपर्यंत तो उसन्या मैदानांवर खेळत होता. घरचे सामने बहुधा शुक्रवारी संध्याकाळी असतात. शेजारच्या खुर्चीवरचे आजोबा तुम्हाला ऑफसाइडपासून सगळं समजावून सांगतील आणि मध्यंतरात, तुम्ही कुठल्या इस्टेटमध्ये (म्हणजे वसाहतीत) राहता, असं विचारतील.