कुणाच्याही हाती देता येईल असा लिनक्सचा पेनड्राइव्ह

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. ज्या संगणकात टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय नाही, त्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही. त्यातल्या बऱ्याच मशिनवर लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजऐवजी वापरता येणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टीम, उत्तम चालते. लोकांचं घोडं अडतं ते त्याआधी, पेनड्राइव्हवरून मशिन सुरू (बूट) करताना. म्हणून पेनड्राइव्ह तयार करताना स्वतःची सोय बघू नका. तो ज्याच्या हाती पडणार आहे आणि ज्याने आयुष्यात बायोस (संगणक सुरू होतानाची मूळ सेटिंग) पाहिलेलं नाही, त्याची सोय बघा.

आधी पेनड्राइव्ह पारखून घ्या. ३२ जीबीचा पुरतो. फार स्वस्तात मिळालेला असेल तर विंडोजमध्ये एच२टेस्टडब्ल्यू किंवा लिनक्समध्ये एफ३ चालवून त्याची खरी क्षमता तपासा. बनावट पेनड्राइव्ह अंगावर लिहिलेली क्षमता दाखवतो, फाइल कॉपीही करून घेतो, पण खरी जागा संपल्यावर पुढचा मजकूर खराब होतो. मग इन्स्टॉल मध्येच थांबतं आणि दोष लिनक्सवर येतो.

दर वेळी एकच आयएसओ (अख्खी सिस्टीम असलेली एक फाइल) पेनड्राइव्हवर चढवण्यापेक्षा व्हेंटॉय हा प्रोग्राम वापरा. तो एकदाच बसवायचा, नंतर आयएसओ साध्या फाइलसारख्या कॉपी करायच्या. बसवताना पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं, त्यामुळे ड्राइव्हचं नाव आणि आकार दोनदा वाचा. पार्टिशनचा प्रकार एमबीआर ठेवा. जुन्या बायोसवर आणि त्याच्या जागी आलेल्या नव्या यूईएफआयवर, दोन्हीकडे तो चालतो. सिक्युअर बूटचा (पडताळणी झालेली सिस्टीमच सुरू होऊ देणाऱ्या सोयीचा) पर्याय चालू असू द्या. बसवून झाल्यावर दोन पार्टिशन (कप्पे) दिसतील: एक मोठं एक्सफॅटचं आणि एक ३२ एमबीचं. लहान्याला हात लावू नका. मोठं एक्सफॅट असण्याचं कारण असं की फॅट३२ या जुन्या पद्धतीत ४ जीबीची फाइल मावत नाही आणि उबंटू २४.०४ या दुसऱ्या लिनक्सची आयएसओ त्याहून मोठी आहे.

आयएसओ उतरवली की तिचा एसएचए-२५६ आकडा (फाइलचा जणू अंगठ्याचा ठसा) मूळ साइटवरच्या आकड्याशी ताडून बघा. विंडोजमध्ये सेव्हन-झिप असेल तर राइट क्लिकवर तो काढता येतो. फाइलच्या नावात जागा सोडू नका, नाव इंग्रजी अक्षरांतच ठेवा. कॉपीची पट्टी भरली म्हणून पेनड्राइव्ह उपसू नका. ‘इजेक्ट’ करून, तो काढायला हरकत नाही असा संदेश आल्यावरच काढा. पट्टी भरल्यावरही काही भाग मेमरीतून पेनड्राइव्हवर उतरायचा बाकी असू शकतो. अर्धवट आयएसओ मेन्यूत नीट दिसते, पण बूट होताना मध्येच कोसळते. अशा तक्रारी आल्या की आम्ही सर्वांत आधी हेच विचारतो.

आता खरं सोपं करण्याचं काम. व्हेंटॉयसोबत प्लगसन नावाचा प्रोग्राम येतो. तो ब्राउझरमध्ये उघडतो आणि त्यातले बदल पेनड्राइव्हवर साठतात. ‘मेन्यू अलायस’मध्ये लांबलचक फाइलनावाऐवजी माणसाला कळेल असं नाव द्या: आधी ‘मिंट, फक्त वापरून बघा’, मग ‘उबंटू’. ही नावंही रोमन लिपीतच लिहा, कारण या मेन्यूत देवनागरीची जोडाक्षरं नीट जुळतील याचा भरवसा नाही. ‘मेन्यू टिप’मध्ये प्रत्येक ओळीसाठी एक वाक्य टाका, उदाहरणार्थ ‘यातून संगणकावरचं काही पुसलं जात नाही’. घाबरलेल्या माणसाला धीर देणारं हे वाक्य नक्की असू द्या. ‘ग्लोबल कंट्रोल’मध्ये मिंटची लाइव्ह (इन्स्टॉल न करता चालणारी) आयएसओ डिफॉल्ट करा आणि टाइमआउट १० सेकंद ठेवा. आयएसओ निवडल्यावर ‘नॉर्मल मोड’, ‘ग्रब२ मोड’ असा दुसरा मेन्यू येतो. नवख्या माणसासाठी तोही तिथूनच बंद करा. ऑटो इन्स्टॉलची (न विचारता आपोआप बसवण्याची) सोयही आहे, पण दुसऱ्याला द्यायच्या पेनड्राइव्हवर ती अजिबात ठेवू नका. एका चुकीच्या एंटरने कुणाचे तरी फोटो कायमचे जातील.

पेनड्राइव्हला एक चिठ्ठी बांधा आणि तिच्यावर बूट मेन्यूच्या कळा लिहा: डेल आणि बहुतेक लेनोवो एफ१२, एचपी एस्केप आणि मग एफ९, असूस लॅपटॉप एस्केप, एमएसआय एफ११. एसरच्या बऱ्याच लॅपटॉपवर एफ१२ आधी बायोसमधून चालू करावी लागते. कळ दाबूनही विंडोजच उघडत असेल तर शिफ्ट दाबून ‘रीस्टार्ट’ करा आणि ‘यूज अ डिव्हाइस’मधून पेनड्राइव्ह निवडा.

सिक्युअर बूट चालू असेल तर त्या मशिनवर पहिल्यांदा निळा पडदा येतो आणि पडताळणी फसल्याचं सांगतो. इथे बहुतेक जण हार मानतात. ओके करा, कुठलीही कळ दाबून पुढे जा, ‘एनरोल की फ्रॉम डिस्क’ घ्या, ‘व्हीटॉयईएफआय’ पार्टिशन निवडा, त्यातली ‘एनरोल धिस की’ने सुरू होणारी फाइल निवडा, ‘कंटिन्यू’, ‘येस’ आणि रीबूट. एका मशिनवर हे एकदाच करावं लागतं. या पायऱ्याही चिठ्ठीच्या मागे लिहा. सिक्युअर बूट बंद करण्याचा सल्ला सरसकट देऊ नका, कारण बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी सोय) चालू असलेलं विंडोज त्यानंतर रिकव्हरी की मागू शकतं. बायोसमध्ये काहीही बदलण्याआधी ती की हाताशी हवी.

मिंट सुरू होताना पडदा काळाच राहिला तर दोष बहुधा ग्राफिक्स कार्डाच्या ड्रायव्हरचा असतो. पुन्हा सुरू करून ‘कम्पॅटिबिलिटी मोड’ घ्या. इन्स्टॉलरला आतली डिस्कच दिसत नसेल तर बायोसमध्ये स्टोरेज इंटेल आरएसटी या इंटेलच्या डिस्क हाताळण्याच्या पद्धतीवर आहे का ते बघा. ते एएचसीआय या साध्या पद्धतीवर केल्यावर डिस्क दिसते, पण विंडोज ठेवायचं असेल तर आधी ते सेफ मोडमध्ये सुरू होईल अशी सोय करा, नाहीतर ते उघडणारच नाही. इन्स्टॉल करताना यादीत पेनड्राइव्हही दिसतो. डिस्क नावावरून ओळखू नका, आकारावरून ओळखा. ‘इरेज डिस्क’ म्हणजे सगळं साफ, डी ड्राइव्हसकट.

लाइव्ह सत्रात केलेले बदल टिकवायचे असतील तर व्हेंटॉयसोबतची पर्सिस्टन्सची स्क्रिप्ट लिनक्समध्ये चालवून ४ जीबीची फाइल बनवा आणि प्लगसनमध्ये ती त्या आयएसओशी जोडा. मराठी कीबोर्ड, वायफायचा पासवर्ड असं सगळं मग पुढच्या वेळीही राहतं. पेनड्राइव्ह दुसऱ्याला देताना मात्र ही फाइल काढून टाका, तुमचा पासवर्ड तिच्यातच असतो.

मिंटची नवी आवृत्ती आली की जुनी आयएसओ काढून नवी टाका आणि प्लगसन पुन्हा उघडा. अलायस, टिप आणि डिफॉल्ट फाइलच्या नेमक्या नावाला बांधलेले असतात, नाव बदललं की ते लागू होत नाहीत. जुन्या आवृत्तीची पर्सिस्टन्स फाइल नव्या आयएसओला जोडू नका, नवीच बनवा.