घरात मांजर आणि अंगात ॲलर्जी: या चुका टाळा

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील आमच्या जुन्या घरात भुऱ्या नावाचा बोका गेली सहा वर्षे राहत आहे. त्यांपैकी पहिली दोन वर्षे माझी प्रत्येक सकाळ दहा-बारा शिंका, चुरचुरणारे डोळे आणि चोंदलेले नाक यांनीच सुरू होत असे. आज तो घरात आहे आणि मीही बऱ्यापैकी मोकळा श्वास घेते. मधल्या काळात माझ्या हातून ज्या चुका झाल्या, त्यांतील बहुतेकींच्या मुळाशी एकच गैरसमज होता: मी सारे लक्ष मांजरावर ठेवले आणि ज्या खोलीत मी रोज आठ तास झोपत होते, त्या खोलीचा विचारच केला नाही.

एक गोष्ट मात्र आधीच सांगायला हवी. मांजराजवळ गेल्यावर ज्यांच्या छातीत घरघर होते, रात्री खोकल्याने झोपमोड होते किंवा जिना चढताना नव्याने धाप लागू लागली आहे, त्यांनी खालील उपाय करून पाहण्यात वेळ न घालवता आधी छातीच्या डॉक्टरांकडे जावे. नाकाची ॲलर्जी त्रासदायक असते, पण दम्याकडे दुर्लक्ष करणे जिवावर बेतू शकते.

केसांना दोष देणे

मांजराचे केस हे ॲलर्जीचे मूळ कारण नाही. ‘फेल डी १’ नावाचे एक प्रथिन मांजराच्या त्वचेतील तेलग्रंथींत आणि लाळेत तयार होते. मांजर दिवसभर स्वतःला चाटत असते, लाळ अंगावर वाळते आणि तिचे व कोंड्याचे अतिसूक्ष्म कण हवेत मिसळतात. यांतील कित्येक कण ५ मायक्रॉनपेक्षाही (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लहान असल्यामुळे ते तासन्‌तास हवेत तरंगत राहतात आणि श्वासाबरोबर खोलवर जातात. म्हणून मांजराचे केस कापून घेणे किंवा आखूड केसांचे मांजर आणणे या दोन्हींचा फारसा उपयोग होत नाही. ‘या जातीमुळे ॲलर्जी होतच नाही’ असे सांगून महागडी पिल्ले विकणाऱ्यांवर तर मुळीच विश्वास ठेवू नये, कारण हे प्रथिन अजिबात तयार न करणारी जात आजवर सिद्ध झालेली नाही. मात्र एका मांजरात ते कमी आणि दुसऱ्यात जास्त असते, हे खरे आहे. त्यामुळे मांजर घरी आणण्यापूर्वी ते जिथे असेल तिथे तीन-चार वेळा जाऊन प्रत्येक वेळी तास-दीड तास बसणे, हीच त्यातल्या त्यात भरवशाची परीक्षा आहे. निर्बीजीकरण न केलेल्या बोक्यात हे प्रथिन जास्त तयार होते आणि शस्त्रक्रियेनंतर त्याचे प्रमाण घटते. भुऱ्याचे ऑपरेशन मी दीड वर्ष लांबणीवर टाकले, याचे मला आजही वाईट वाटते.

मांजर आठ दिवस दूर ठेवून निष्कर्ष काढणे

माझ्या मते ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे, आणि आमच्या घरात ती सर्वांनी मिळून केली. पहिल्याच हिवाळ्यात भुऱ्याला आठ दिवस मामांकडे ठेवले. माझ्या शिंका तसूभरही कमी झाल्या नाहीत, तेव्हा ‘मांजराचा काही संबंध नाही, ही धुळीची ॲलर्जी आहे’ असे सर्वानुमते ठरले आणि तो परत येऊन थेट माझ्या रजईत शिरला. हे प्रथिन गादीत, रजईत, पडद्यांत आणि भिंतींवरही चिकटून राहते. मांजर घरातून गेल्यावरही त्याचे प्रमाण मांजर नसलेल्या घराइतके खाली यायला साधारणपणे चार ते सहा महिने लागतात, हे तेव्हा आम्हां कोणालाही ठाऊक नव्हते.

परीक्षाच करायची असेल, तर मांजराला नव्हे, तर स्वतःला घराबाहेर काढावे. जिथे मांजर नाही अशा नातेवाइकांकडे दोन आठवडे राहावे, धुतलेले कपडेच सोबत न्यावेत, अंथरूण-पांघरूण त्यांचेच वापरावे आणि रोज सकाळी किती शिंका आल्या, नाक किती वेळ चोंदले होते, हे वहीत लिहून ठेवावे. परतल्यावर पहिल्या दोन दिवसांत काय होते, ही नोंद सर्वांत बोलकी असते.

तरीही एवढ्यावर थांबू नये, कारण दोषी एकटे मांजरच असते असे नाही. पावसाळ्यात आणि त्यानंतर मोकळ्या प्लॉटांवर माजणाऱ्या गाजर गवताचे पराग, जुन्या वाड्यांच्या छज्ज्यांवर राहणारी कबुतरे, आणि वर्षभर पेटीत ठेवून थंडी पडताच बाहेर काढलेल्या रजयांतील धुळीचे सूक्ष्म किडे, यांपैकी काहीही त्रासाचे कारण असू शकते. त्वचेवर थेंब टाकून हलके टोचून केली जाणारी चाचणी यासाठी उपयोगी पडते, पण ती करण्यापूर्वी ॲलर्जीच्या गोळ्या डॉक्टरांच्या सांगण्यानुसार साधारण आठवडाभर बंद ठेवाव्या लागतात. मी आदल्या रात्री गोळी घेऊन गेले आणि चाचणीची ती फेरी वाया गेली. रक्ततपासणीसाठी गोळ्या थांबवाव्या लागत नाहीत. चाचणीत ‘आहे’ असे आले म्हणजे त्रास त्याचाच आहे, असे मात्र ठरत नाही. वहीतील नोंदींशी ते जुळले पाहिजे. माझ्या बाबतीत मांजर आणि धुळीतील किडे असे दोघेही निघाले. त्यातून एक दिलासाही मिळाला: अनेक कारणांचा भार शरीरावर एकत्र पडत असल्यामुळे रजया आणि गाद्या ताब्यात आणताच मांजर घरात असूनही माझा त्रास बराच उतरला.

झोपण्याची खोली अर्धवट बंद ठेवणे

‘रात्री त्याला आत घेत नाही’ असे पुष्कळ जण सांगतात, पण दिवसभर तेच मांजर त्याच पलंगावर उन्हाची तिरीप शोधून झोपलेले असते. झोपण्याची खोली चोवीस तास आणि बाराही महिने बंद असली तरच तिचा उपयोग होतो. गादी व उशीला दाट विणीचे, चेन असलेले आवरण घालावे, चादरी आणि अभ्रे दर आठवड्याला धुवावेत, आणि मांजराला मांडीवर घेऊन बसताना घातलेले कपडे त्या खोलीतील खुर्चीवर टाकू नयेत.

सांगायला सोपे वाटणारे हे काम घरातल्या मायेमुळे अवघड होते. जानेवारीच्या कडाक्यात भुऱ्या दाराबाहेर ओरडू लागला की सासूबाई म्हणत, “अगं, बिचारा थंडीत कुडकुडतोय, आजच्या दिवस येऊ दे की आत.” त्यांची कणव खरी होती, पण एका रात्री दार उघडले की ओरडल्याने दार उघडते हे मांजर शिकते आणि पुढचे दहा दिवस अधिक जोराने ओरडते. शेवटी सासूबाईंनीच स्वयंपाकघराच्या उबदार कोपऱ्यात लाकडी खोक्यात आपली जुनी शाल अंथरली, आणि आठवड्याभरात भुऱ्याने ती जागा आपली मानली. त्याच्याकडून एखादी जागा काढून घेण्यापूर्वीच त्याला दुसरी चांगली जागा तयार करून दिली असती, तर त्याचे आणि आमचेही हाल टळले असते.

रुईच्या गाद्या उन्हात टाकण्याची आपली पद्धत चांगली आहे, कारण उन्हाने ओल जाते आणि धुळीतील किडे कमी होतात. मांजराचे प्रथिन मात्र उन्हाने नाहीसे होत नाही. मांजर ज्या गादीवर वर्षानुवर्षे झोपले असेल, ती शक्य असल्यास बदलावीच.

कूलर चालू असताना एअर प्युरिफायर लावणे

ग्वाल्हेरमध्ये मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो आणि कूलरवाचून भागत नाही. कूलर बाहेरची हवा आत ढकलतो आणि ती जाण्यासाठी खिडकी उघडी ठेवावी लागते. प्युरिफायर मात्र बंद खोलीतील तीच हवा पुन्हापुन्हा गाळण्यासाठी बनवलेला असतो. दोन्ही एकाच वेळी चालवणे म्हणजे विजेचा अपव्यय आहे. कूलरच्या दिवसांत हवा सतत बदलत राहते, हाच फायदा मानावा. मात्र कूलर ज्या अंगणातून किंवा गच्चीवरून हवा ओढतो, तिथे मांजराची झोपण्याची जागा किंवा मातीचा ट्रे नसावा. गवताचे किंवा खसाचे जुने, ओलसर पॅड बुरशीचे घर बनतात, म्हणून ते दर हंगामाला बदलावेत.

प्युरिफायरचा खरा उपयोग हिवाळ्यात, दारे-खिडक्या बंद असताना होतो. तेव्हा ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवणारा हेपा फिल्टर असलेलाच घ्यावा आणि ओझोन सोडणारी यंत्रे टाळावीत. गादीत मुरलेले प्रथिन कोणतेही यंत्र हवेतून ओढून काढू शकत नाही, हे लक्षात ठेवावे.

स्वच्छतेचा चुकीचा उत्साह

कोरड्या झाडूने केर काढला की खाली बसलेले कण पुन्हा हवेत उडतात, म्हणून ओल्या फडक्याने फरशी पुसणे केव्हाही चांगले. हे काम घरातील ॲलर्जी नसलेल्या व्यक्तीने करावे आणि तसे शक्य नसेल, तर तोंडाला घट्ट बसणारा मास्क लावावा. हेपा फिल्टर नसलेला व्हॅक्यूम क्लीनर बारीक कण मागच्या बाजूने परत खोलीत सोडू शकतो. आमच्या शहराला हाताने विणलेल्या गालिच्यांचा अभिमान आहे आणि आमच्याही बैठकीत आजेसासऱ्यांच्या वेळचा एक होता. पण मांजराच्या घरात गालिच्यात या प्रथिनाचा फार मोठा साठा होतो. तो धुऊन, गुंडाळून नणंदेकडे पाठवताना मन जड झाले होते, तरी तो निर्णय योग्यच ठरला.

फरशीसाठी फिनाइल मात्र वापरू नये. त्यातील फिनॉलसारखी द्रव्ये मांजराच्या यकृताला नीट पचवता येत नाहीत, आणि फरशीवर चाललेले पंजे मांजर चाटणारच. हवा ‘शुद्ध’ करण्यासाठी धूप, लोबान किंवा कापूर जाळल्याने चिडलेले नाक आणि श्वासनलिका अधिकच चिडतात.

मांजराला दर आठवड्याला अंघोळ घालण्याने लाभ होतो तो थोडेच दिवस टिकतो, आणि मांजर घाबरून अंग चोरू लागते ते वेगळेच. घरातील दुसऱ्या कोणी ओल्या, मऊ कापडाने त्याचे अंग पुसावे, एवढे पुरे. २०२० पासून परदेशात अंड्यांतून मिळवलेली प्रतिपिंडे (अँटीबॉडी) मिसळलेले मांजराचे खाद्य विकले जाते. ते लाळेतील प्रथिनाचा जोर कमी करते, पण पूर्णपणे घालवत नाही.

औषधांबाबतच्या चुका

नाक चोंदले की दुकानातून थेंबांची बाटली आणायची आणि महिनाभर वापरायची, ही आपल्याकडे फार रुळलेली सवय आहे. नाक झटकन मोकळे करणारे ऑक्सिमेटाझोलिन किंवा झायलोमेटाझोलिनचे थेंब चार-पाच दिवसांपलीकडे वापरले, तर ते थांबवताच नाक पूर्वीपेक्षा अधिक चोंदते आणि माणूस त्या बाटलीत अडकतो. ॲलर्जीसाठी डॉक्टर देतात तो स्टेरॉइडचा फवारा वेगळा असतो. तो रोज घ्यावा लागतो आणि त्याचा पूर्ण परिणाम दिसायला एक-दोन आठवडे लागतात. दोन दिवसांत फरक पडला नाही म्हणून तो सोडणारे बरेच जण मी पाहिले आहेत. तो मारण्याची रीतही महत्त्वाची आहे: मान किंचित पुढे झुकवावी, उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत आणि डाव्या हाताने उजव्या नाकपुडीत मारावा, टोक नाकाच्या मधल्या पडद्याकडे नव्हे, तर बाहेरच्या बाजूकडे वळवावे आणि जोराने हुंगू नये. मी पहिले काही महिने फवारा थेट पडद्यावर मारत होते आणि नाकातून रक्त येऊ लागल्यावरच ही चूक कळली. जलनेती करायची असल्यास पाणी उकळून कोमट केलेले असावे, थेट नळाचे मुळीच वापरू नये.

‘इनहेलरची सवय लागते’ या भीतीने दम्याचे औषध टाळणे ही याहून गंभीर चूक आहे. इनहेलरचे औषध थोड्या मात्रेत थेट फुफ्फुसांत जाते आणि त्याचे व्यसन लागत नाही. ‘मांजरासोबत राहिले की हळूहळू सवय होईल’ या आशेवरही दमा असलेल्या माणसाने विसंबू नये. शरीराला खरोखर सवय लावण्याचा मार्ग म्हणजे तज्ज्ञांच्या देखरेखीखाली दिली जाणारी इम्युनोथेरपी, म्हणजे ज्याची ॲलर्जी आहे तेच द्रव्य हळूहळू वाढत्या मात्रेत देण्याचा उपचार. ती साधारण तीन ते पाच वर्षे चालते, आणि सहा महिन्यांनी बरे वाटले म्हणून मध्येच सोडली तर मिळालेला लाभ टिकत नाही.

एवढे सारे करूनही दमा आटोक्यात येत नसेल, तर मांजराला दुसरे घर शोधून द्यावेच लागते. त्याला पोत्यात घालून दूरच्या मंडईत सोडून येणे म्हणजे त्याला मरणाच्या दारात सोडण्यासारखे आहे. ओळखीत विचारावे, पशुवैद्यांकडे चौकशी करावी, त्याचे ऑपरेशन आणि लसीकरण पूर्ण करून, त्याच्या खोक्यासह आणि शालीसह त्याला नव्या घरी पोहोचवावे. मांजर गेले त्या दिवशी फवारा किंवा इनहेलर मात्र बंद करू नये. भिंती, पडदे आणि गाद्या यांची सफाई त्याच आठवड्यात सुरू करावी आणि औषधाची मात्रा पुढील चार-सहा महिन्यांत डॉक्टर सांगतील त्याप्रमाणेच उतरवावी.