नाशिकमध्ये राहून रग्बी लीगच्या एका क्लबचा हंगाम कसा पाहावा

रग्बी म्हटले की आपल्याकडे बहुतेकांच्या डोळ्यांपुढे पंधरा जणांचा, किंवा जून 2025 मध्ये मुंबईत झालेल्या रग्बी प्रीमियर लीगसारखा सात जणांचा खेळ येतो. रग्बी लीग हा मात्र तेरा जणांचा निराळा खेळ आहे. सामन्यापायी बुडालेली मजुरी खेळाडूंना भरून द्यायची की नाही, या वादातून 1895 साली उत्तर इंग्लंडमधील क्लबांनी वेगळी चूल मांडली, तेव्हा तो जन्मला. कबड्डी पाहणाऱ्याला त्याचे नियम समजायला अर्धा तास पुरतो. चेंडू बाळगणाऱ्या संघाला सहा टॅकल मिळतात आणि सहाव्यांदा पकड झाली की चेंडू समोरच्यांकडे जातो; म्हणून पाचव्या टॅकलनंतर बहुधा किक मारली जाते. ट्रायला, म्हणजे समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवल्याला, 4 गुण, त्यानंतरच्या किकला 2.

इंग्लंडच्या सुपर लीगचे शुक्रवार रात्रीचे सामने आपल्याकडे मध्यरात्र उलटल्यावर सुरू होतात, तेव्हा सकाळी सातपूर किंवा अंबडला पाळीवर जाणाऱ्या माणसाने ऑस्ट्रेलियातील एनआरएल (नॅशनल रग्बी लीग) निवडावी हे बरे. सामने ‘वॉच एनआरएल’ या सेवेवर पैसे भरून पाहता येतात. एनआरएलच्या 17 क्लबांपैकी एकच क्लब धरावा आणि तो शक्यतो गेल्या वर्षीचा विजेता नसावा; विजेत्याचा हंगाम पाहताना आपण फक्त निकाल मोजत बसतो, मधल्या फळीतल्या क्लबाचा हंगाम मात्र खेळ शिकवतो, असे माझे मत आहे.

वेळेचे गणित नीट मांडून ठेवावे, कारण चूक तिथेच होते. सिडनीचे घड्याळ एप्रिल ते सप्टेंबर आपल्यापुढे साडेचार तास असते, एरवी साडेपाच. ब्रिस्बेनचे मात्र बारमाही साडेचारच. त्यामुळे तिकडच्या हिवाळ्यातला शुक्रवारी रात्री आठचा सामना आपल्याकडे दुपारी साडेतीनला येतो, आणि रविवारी दुपारी चार वाजून पाच मिनिटांचा सामना 11 वाजून 35 मिनिटांनी, म्हणजे मिसळ खाऊन घरी परतेपर्यंत. सर्वांत मोठी खोच अंतिम सामन्यात आहे. तो ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी होतो आणि त्याच पहाटे सिडनीची घड्याळे एक तास पुढे सरकतात, म्हणजे सामना आपल्याकडे एक तास आधी येतो. मी एकदा सवयीने तीन वाजता टीव्ही लावला, तेव्हा पहिला अर्धा कधीच संपून दुसरा सुरू झाला होता.

आता मुख्य काम. एक शंभरपानी वही घ्यावी आणि दर मंगळवारी, संघ जाहीर झाल्यावर, निकालाकडे न पाहता 1, 6, 7 आणि 9 या क्रमांकांपुढची नावे लिहावीत. एनआरएलमध्ये जर्सीचा क्रमांक साधारणतः जागा सांगतो: फुलबॅक, फाइव्ह-एट, हाफबॅक आणि हुकर. या चौघांना तिकडे संघाचा कणा म्हणतात. यांपैकी नावे वारंवार बदलू लागली की गुणतक्ता काहीही म्हणो, क्लब अडचणीत आहे असे समजावे. पेनरिथ पँथर्सने 2021 पासून सलग चार वर्षे अजिंक्यपद जिंकले. पुढच्या हंगामाआधी त्यांचा 6 क्रमांकाचा जरोम लुआई दुसऱ्या क्लबात गेला, आणि मे 2025 च्या अखेरीस हाच संघ तळाला होता. तरी तो सावरला, सातवा आला आणि अंतिम फेरीच्या दारात ब्रिस्बेन ब्रॉंकोजकडून 16-14 असा हरला. वहीत आठवड्यांची नावे एकाखाली एक असतील, तर हे सावरणे निकालांच्या आधी दिसू लागते.

द्राक्षबाग असलेल्या घरातल्या वाचकाला हे वेगळे सांगायला नको. फेब्रुवारीत निफाड-दिंडोरीत जे घड तोडले जातात, ते वेलीवर दिसतात ऑक्टोबरच्या छाटणीनंतर. पण काडीत घड किती धरायचे हे एप्रिलच्या खरड छाटणीनंतरच्या उन्हाळ्यातच ठरून गेलेले असते. एनआरएलचा हंगामही असाच मे ते जुलैमध्ये ठरतो. या काळात क्वीन्सलँड आणि न्यू साउथ वेल्स या दोन राज्यांच्या संघांत स्टेट ऑफ ओरिजिनचे तीन सामने होतात आणि प्रत्येक क्लबाचे निवडक खेळाडू तिकडे ओढले जातात. ज्याचे पाच-सहा जण जातात त्याला राखीव मुलांवर सामने काढावे लागतात. ज्याचा एकही जात नाही तो नेमका याच वेळी गुण जमवतो. वहीत तिकडे गेलेल्यांच्या नावांपुढे खूण करावी.

या दिवसांत गुणतक्ता जपून वाचावा. संघ 17, म्हणजे विषम, असल्यामुळे प्रत्येक फेरीत निदान एक संघ बसून राहतो आणि बसल्याचे 2 गुण त्याला फुकट मिळतात. 27 फेऱ्यांत प्रत्येकाचे सामने 24 आणि सुट्ट्या 3. म्हणून जूनमध्ये केवळ गुण न पाहता, किती सुट्ट्या वापरून झाल्या हेही बाजूला लिहावे. ज्याच्या तिन्ही शिल्लक आहेत तो खरे तर 6 गुणांनी पुढे आहे.

बाद फेरीत पहिले आठ जातात. पहिल्या चौघांना हरल्यास आणखी एक संधी असते, खालच्या चौघांना नसते, एवढे लक्षात ठेवले की पुरे. अव्वल स्थान म्हणजे विजेतेपद नव्हे: 2025 मध्ये अव्वल आलेला कॅनबरा रेडर्स ब्रॉंकोजविरुद्ध एका गुणाने हरला, पुढचाही सामना हरून घरी गेला, आणि चौथ्या आलेल्या ब्रॉंकोजने मेलबर्न स्टॉर्मला 26-22 असे हरवून चषक उचलला.

अंतिम सामना झाला की वही लगेच मिटू नये. कराराच्या शेवटच्या वर्षात शिरलेल्या खेळाडूंना 1 नोव्हेंबरपासून इतर क्लबांशी बोलणी करता येतात. आपल्या कण्यातल्या चौघांपैकी कोणाचा करार कधी संपतो, ते शेवटच्या पानावर लिहून ठेवावे. पुढच्या वर्षीचे पहिले पान तिथूनच सुरू करायचे असते.