नॉर्वेहून अमेरिकेत आलेल्या घराण्याचं मूळ गाव कसं शोधायचं

माझी सून मिनेसोटाची. तिचे खापरपणजोबा नॉर्वेहून आले एवढंच त्यांच्या घरात माहीत होतं, कुठून आले ते कोणालाच सांगता येईना. नातू झाला तेव्हा ती मला म्हणाली, आई, तुमच्याकडे प्रत्येकाला मूळ गाव कसं माहीत असतं? तेव्हापासून आम्ही दोघी हे शोधतोय, दोन वर्षं झाली. ज्यांच्या घरात अशी सून किंवा जावई आहे त्यांच्यासाठी सगळं क्रमाने लिहितेय.

आधी थोडी पार्श्वभूमी. ४ जुलै १८२५ ला नॉर्वेतल्या स्टाव्हांगर बंदरातून 'रेस्टोरेशन' नावाचं छोटंसं शिडाचं जहाज ५२ माणसं घेऊन न्यूयॉर्कला निघालं, वाटेत एक बाळ जन्मलं म्हणून पोचताना ५३ झाली. तिथून पुढच्या शंभर वर्षांत आठ लाखांच्या वर लोक नॉर्वे सोडून अमेरिकेकडे गेले. बरेचसे विस्कॉन्सिन, मिनेसोटा, आयोवा, डकोटा या भागात शेती करायला गेले, त्यामुळे कागदपत्रंही तिकडेच जास्त सापडतात.

पहिलं काम म्हणजे आडनाव डोक्यातून काढून टाका. खरंच. जुन्या नॉर्वेत खेड्यातल्या लोकांना पक्कं आडनाव नसायचं. स्वतःचं नाव, मग वडिलांचं नाव, म्हणजे लार्सचा मुलगा लार्सेन आणि मुलगी लार्सदात्तेर, आणि शेवटी ज्या वाडीवर, म्हणजे शेतमळ्यावर, राहतो त्या वाडीचं नाव. आपल्याला हे पटकन कळतं, वडिलांचं नाव मधे आणि गावावरून '-कर'. फरक एवढाच की आपला '-कर' गाव सोडलं तरी चिकटून राहतो, त्यांचं मात्र वाडी बदलली की नावही बदलायचं. बाक्केन वाडीवरचा ओले लार्सेन हाउगेनला राहायला गेला की तो ओले लार्सेन हाउगेन. बाई लग्नानंतरही बापाचंच नाव लावायची. पक्कं आडनाव लावायचा कायदा १९२३ मध्ये आला, तोवर लाखो लोक निघून गेले होते. अमेरिकेत पोचल्यावर एक भाऊ लार्सन झाला, दुसऱ्याने वाडीचं नाव लावलं, असंही व्हायचं, आणि गुनहिल्डची ज्युलिया झालेली पण दिसते. म्हणून शोधायची ती वाडी.

दुसरं, सुरुवात अमेरिकेतच करा, नॉर्वेत उडी मारू नका. १९०० च्या अमेरिकन जनगणनेत जन्माचा महिना, वर्ष आणि देशात आल्याचं वर्ष असतं, फॅमिलीसर्च या वंशावळीच्या साइटवर फुकट बघता येतं. १८९० ची जनगणना जवळपास सगळी आगीत गेली, ती शोधत बसू नका. नागरिकत्वाचे कागद बघा, होमस्टेडची, म्हणजे सरकारने शेती करायला दिलेली, जमीन घेतली असेल तर ती फाइल मागवा. पण खरी खाण आहे ती नॉर्वेजियन लुथरन चर्चच्या वह्यांची, कारण त्यात बऱ्याचदा नॉर्वेतल्या परगण्याचं, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या भागाचं, नाव लिहिलेलं असतं. थडग्यावरचा दगडही नीट वाचा, फोटो काढून ठेवा.

आमचं चुकलं ते इथेच. चर्चच्या वहीत जन्मगाव होतं 'वांग', आम्ही नॉर्वेच्या हेडमार्क भागातल्या वांगच्या नोंदी उघडल्या आणि त्यात तेच नाव, तेच बापाचं नाव, तेच वर्ष असा मुलगा सापडला, आम्ही केवढ्या खूश, तीन महिने त्याच्याच आजी-आजोबांच्या मागे. मग दफनाच्या यादीत दिसलं की तो चार वर्षांचा असतानाच गेला होता. सूनबाई त्या दिवशी रडली, आपलं नसलेलं ते बाळ पण आमच्या इतकं जवळचं झालं होतं. वांग नावाचा दुसरा परगणा वाल्ड्रेस खोऱ्यात आहे, आमचे लोक तिथले निघाले. तर सांगायचं काय, जन्म सापडला की लगेच दफनाची पानं बघायची, आणि त्या नावाचं दुसरं गाव आहे का तेही.

तिसरं, डिजिटालआर्किवेट. नॉर्वेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराची ही साइट आहे, फुकट आहे आणि इंग्रजीतही चालते. त्यात १८०१, १८६५, १८७५, १९००, १९१० या जनगणना नावाने शोधता येतात. १८६५ मध्ये जन्मपरगणा दिलाय, १९१० मध्ये पूर्ण जन्मतारीख. देश सोडणाऱ्यांची नोंद पोलीस ठेवायचे, ख्रिस्तियानियात, म्हणजे आजच्या ऑस्लोत, १८६७ पासून. नाव, वय, घर, कुठे चाललाय, सगळं त्यात. शोधताना स्पेलिंगचा हट्ट धरू नका, सुरुवातीची दोन-तीन अक्षरं आणि जन्मवर्ष एवढंच टाका.

चौथं, चर्चच्या मूळ वह्यांची स्कॅन केलेली पानं. अक्षर जुनं गॉथिक वळणाचं, आपल्याला मोडी पहिल्यांदा बघताना होतं तसंच होतं, पण रोज अर्धा तास बसलं तर महिन्याभरात डोळा सरावतो. बाप्तिस्म्याच्या नोंदीत साक्षीदारांची नावं असतात, ती सोडू नका, बहुतेक मामा, आत्या, काका तेच असतात. सगळ्यात कामाची कन्फर्मेशनची, म्हणजे मुलं मोठी झाल्यावर चर्चमध्ये श्रद्धा पक्की करायच्या विधीची नोंद, साधारण पंधराव्या वर्षाची, कारण त्यात जन्मतारीख, आईबाप, वाडी आणि देवीची लस घेतल्याचंही लिहिलेलं असतं. परगणा सोडून जाणाऱ्यांची वेगळी यादी असते, तिथे अमेरिका असं लिहिलेलं दिसलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला.

मुलांची नावं ठेवायची पद्धतही लक्षात ठेवा. पहिला मुलगा बहुधा बापाच्या वडिलांच्या नावाचा, दुसरा आईच्या वडिलांच्या. नियम पक्का नाही, पण दोन ओलेंमधून आपला कोणता हे ठरवायला उपयोग होतो.

वाडी सापडली की 'बिग्देबोक' मागवा. एकेका परगण्याचा असा ग्रंथ असतो, वाडीवार लिहिलेला, कोण कधी मालक होता, कोणाला किती मुलं, कोण अमेरिकेला गेलं. विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनच्या नेसेथ लायब्ररीत आणि नॉर्थ डकोटातल्या ग्रँड फोर्क्सच्या विद्यापीठात यांचा मोठा साठा आहे. त्यातलं सगळं मूळ नोंदीशी ताडून घ्या, आणि कुळं म्हणून राहणारे, ज्यांना हुसमान म्हणतात, त्यांची माहिती अशा ग्रंथात कमी मिळते. आमचे हुसमानच होते. म्हणून मालकाच्या पानावर एका ओळीत उरकलेल्या त्या घरासाठी आम्ही आता परत १८६५ च्या जनगणनेत शिरलोय, तिथे त्यांची एक गाय आणि सहा मेंढ्यासुद्धा मोजलेल्या आहेत.